बडोद्यात रात्रीच्या गरब्याचे फोटो हललेले येतात, काय करू?

फ्लॅश आधी बंद करा. पुढचे चेहरे पांढरेफटक होतात, मागे नुसता काळोख. नाइट मोडही नको, तो वेळ घेतो आणि तोवर खेळणारी पुढे गेलेली असते.

फोनच्या कॅमेऱ्यातल्या प्रो मोडमध्ये (जिथे सगळं हाताने ठरवता येतं) शटर, म्हणजे फोटो टिपायचा वेळ, १/२५० सेकंद ठेवा आणि आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १६०० ते ३२००. फोटोत थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला चेहरा सुधारत नाही. आडवे काळे पट्टे आले तर शटर १/१०० करा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात.

आपल्याकडे गरबा गोलात फिरतो. म्हणून धावू नका, चांगल्या दिव्यापाशी उभे राहा. माणसं आपोआप उजेडात येतात. टाळीच्या क्षणी टिपा. माझ्या भाचीचे सगळ्यात सुंदर फोटो मला असेच मिळाले.