चालू सर्व्हरवर फाइलसिस्टीम बिघडल्याची शंका आली तर

एक गोष्ट आधीच सांगतो: माउंट असलेल्या (म्हणजे वापरासाठी जोडलेल्या) फाइलसिस्टीमवर दुरुस्तीसाठी एफएससीके (fsck, फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारं टूल) चालवू नकोस. कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि एफएससीके दोघेही त्याच ब्लॉकवर लिहू लागतात, आणि थोडका बिघाड सगळीकडे पसरतो. नुसती तपासणी केलीस तरी खोट्या चुका दिसतात, कारण डेटा सतत बदलत असतो.

डीमेसेज (dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) वाच. फाइलसिस्टीमच्या एररच्या आधी आय/ओ एरर (डिस्कवर वाचता-लिहिता न आल्याची) आलीय का, हा क्रम नीट बघ. आली असेल तर दोष बहुधा खाली, म्हणजे डिस्क, केबल किंवा कंट्रोलरमध्ये. मग स्मार्टसीटीएल (smartctl, डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड) चालव. पेंडिंग सेक्टर (डिस्कला नीट वाचता न येणारे भाग) वाढत असतील तर डिस्कचा भरवसा सोड. सीआरसी एरर (डेटा केबलमधून जाताना होणाऱ्या चुका) वाढत असतील तर आधी केबल बदल. माझ्या मते नवशिके घाई करतात ती इथेच. मरत्या डिस्कवर दुरुस्ती चालवली की उरलासुरला डेटाही जातो. म्हणून आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर काढ, आणि जुन्या चांगल्या बॅकअपवर तो चढवू नकोस.

पार्टिशन आपोआप रीड-ओन्ली झालं असेल तर ते संरक्षण आहे, जबरदस्तीने पुन्हा लिहिण्यायोग्य करू नकोस.

सर्व्हर थांबवता येत नसेल, खाली एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे वाटणारा थर) आणि वर एक्स्ट४ (ext4 फाइलसिस्टीम) असेल, तर स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेऊन त्यावर तपासणी कर. बीटीआरएफएस (Btrfs) फाइलसिस्टीमचा स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून केलेली पडताळणी, माउंट असतानाच चालतो. एक्सएफएस (XFS) फाइलसिस्टीम xfs_repair ने दुरुस्त करायला मात्र अनमाउंट करावंच लागतं, आणि तिथे लॉग (अजून पक्क्या न झालेल्या बदलांची नोंद) पुसणारा '-L' पर्याय अगदी शेवटी, दुसरा काहीच मार्ग उरला नाही तरच.