धर्मादाय संस्थेच्या लिलावात दान मिळालेली जुनी बोट घ्यावी का?

आपण विचारले आहे की, एक धर्मादाय संस्था तिला दानात मिळालेल्या वापरलेल्या बोटी लिलावात काढणार आहे, मोटारबोट निम्म्या किमतीत मिळेल असे कानावर आले आहे, शिवाय पैसा सत्कार्याला लागेल. तर नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, घरच्यांसह फिरण्यासाठी ती घ्यावी का? माझे उत्तर असे की, घ्यायला हरकत नाही, मात्र बोली लावताना ती वस्तू दानाची आहे हे पूर्ण विसरावे. हे ज्याला जमणार नाही त्याने लिलावाला जाऊ नये, संस्थेच्या कार्यालयात पैसे भरून पावती घ्यावी आणि घरी यावे. तो मार्ग स्वस्त पडतो.

इतक्या ठामपणे सांगण्याचे कारण आमच्या नात्यातच आहे. ऑगस्ट 2006 मध्ये जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सुटले, पैठणपासून नांदेडपर्यंत गोदाकाठ पाण्याखाली गेला आणि त्यानंतर आमच्या भागातील एका संस्थेला दोन दात्यांनी दोन बोटी दिल्या. एक फायबरची, इंजिनाची, लाल पट्ट्याची. दुसरी साधी वल्ह्याची होडी. पुढे पुराऐवजी दुष्काळच पाहण्याची वेळ आली. ज्या मुलखात 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे पुराची बोट शेडमध्ये पडून राहिली याचा दोष मी कोणाला देत नाही. दोष आहे तो त्यानंतरच्या वागण्याचा. संस्थेने इमारतनिधीसाठी दोन्ही बोटी लिलावात काढल्या आणि जाहिरातीत ‘अत्यल्प वापर, उत्तम स्थिती’ असे छापले.

अत्यल्प वापर हीच खरी धोक्याची सूचना असते. माझा धंदा पाण्याच्या मोटारी आणि डिझेल इंजिने दुरुस्त करण्याचा आहे. चालून झिजलेल्या यंत्रापेक्षा न चालता सडलेले यंत्र अधिक खर्चात घालते, हे मी रोज पाहतो. टाकीतील जुन्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये बसतो, आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्यामुळे ते हवेतील ओलही ओढून घेते. थंड पाणी फिरवणाऱ्या पंपातील रबरी पाती एका जागी दबून कडक होतात.

मी लिलावाच्या आदल्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आधीपासूनच तेथे होते. संस्थेच्या मंडळींशी त्यांची ऊठबस आहे. मी बोटीच्या मागच्या बाजूला, जेथे इंजिन अडकवतात त्या फळीवर, पान्ह्याच्या मुठीने ठोकून पाहिले. कडेला टणक आवाज आला, मध्यभागी बद्द. बाहेरून फायबर गुळगुळीत असले तरी आत प्लायवूड असते आणि बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरले की ते कुजते. मी खालचा एक बोल्ट सैल केला तर त्याच्या आट्यांना लागून काळपट, ओला भुसा बाहेर आला. इंजिनाच्या गिअरचे तेल थोडे काढले तर ते जास्त दुधाच्या चहासारखे निघाले, म्हणजे सील गेलेले होते आणि आत पाणी होते. स्पार्क प्लग काढून दोन्ही सिलिंडरांचा दाब मोजायचा होता. दोघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक निघाला तर ते इंजिन मी भंगाराच्या भावाने धरतो. तेवढ्यात एका पदाधिकाऱ्याने मला थांबवले. दान आलेली वस्तू अशी उकलणे हा दात्याचा अपमान आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यावर दाजी सर्वांदेखत म्हणाले, “देवाच्या कामात असा हिशेब करायचा नसतो, तुला कळत कसं नाही?”

मी त्या वेळी गप्प राहिलो, कारण बहिणीच्या घरचा माणूस होता. उत्तर आता लिहितो. दाता दान देताना मोकळा झाला. वस्तू संस्थेची झाली. संस्था ती विकते तेव्हा ती विक्रेता असते आणि विक्रेत्याला प्रश्न विचारणे हा अपमान नव्हे. शिवाय बोट दान का होते याचाही विचार करावा. धडधाकट चालणाऱ्या बोटीला गिऱ्हाईक मिळते. जी दारात जागा अडवते आणि दुरुस्तीला पैसे मागते, तिच्याबद्दल दानबुद्धी लवकर होते. अमेरिकेत बोटी दान करण्याची मोठी रीत आहे, कारण दात्याला करात सवलत मिळते. तेथेही 2005 पासून नियम असा झाला की पाचशे डॉलरपेक्षा जास्त सवलत मागितली आणि संस्थेने बोट फारशी न वापरता, न सुधारता विकली, तर विक्रीतून जेवढे आले तेवढीच रक्कम धरायची. म्हणजे कागदावर फुगवलेल्या दानाची शंका सरकारलासुद्धा आली होती. आपल्याकडे तर देणगीवरील करसवलत, जी 80जी म्हणून ओळखली जाते, ती वस्तुरूप दानाला मिळतच नाही आणि लिलावातून बोट घेणाऱ्यालाही मिळत नाही, कारण त्याने पैशाच्या मोबदल्यात वस्तू घेतलेली असते. दाजींना लिलावाची पावती करात चालेल असे वाटले होते, त्यांच्या सी.ए.ने ती परत दिली.

लाल पट्ट्याची बोट अर्थात दाजींनीच घेतली. दुसरा बोली लावणारा मागे हटल्यावरही, संस्थेचे नाव राहावे म्हणून, त्यांनी स्वतःच्याच बोलीवर आणखी पाच हजार चढवले. हे मी डोळ्यांनी पाहिले. पहिल्यांदा पाण्यात घालून वेग वाढवताच मागची फळी लवली, इंजिन एका बाजूला कलंडले आणि दोरीने बांधून बोट काठाला आणावी लागली. दुरुस्तीचा खर्च बोलीच्या रकमेपेक्षा जास्त आला. दाजी आजही म्हणतात की पैसा चांगल्या कामाला लागला. माझा हिशेब असा की इमारतनिधीला जेवढे गेले त्याहून अधिक फायबरवाल्याला गेले, आणि तेवढेच पैसे सरळ देणगी म्हणून दिले असते तर इमारतीचा एक खांब जास्त उभा राहिला असता. मी वल्ह्याची होडी घेतली. तिला इंजिन नव्हते, म्हणून तिच्याकडे कोणी वळून पाहिले नव्हते. आज ती आमच्या ओळखीच्या एका भोई कुटुंबाकडे मासेमारीला आहे.

आपल्या बाबतीत कागदपत्रे बोटीपेक्षा आधी पाहावीत. दानपत्र, विक्रीबाबत विश्वस्तांचा ठराव, विक्रीची पावती, आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक या सर्वांचा मेळ बसला पाहिजे. इंजिनाच्या बोटीला 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणे नोंदणी आणि तपासणीचे प्रमाणपत्र लागते; त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे चौकशी करावी. गोदावरीच्या काठी बेवारस, बिनकागदांची बोट ठेवण्याचा विचारही करू नये. अवैध वाळूउपशाच्या बोटी महसूल पथके जाळतात किंवा जिलेटिनने उडवतात, आणि आपली बोट सहलीची होती हे नंतर सांगून उपयोग होत नाही.

नाथसागराचा मुद्दा मी शेवटी घेतो आहे, पण तो सर्वात मोठा आहे. तो जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. वन विभाग आणि जलसंपदा विभाग या दोघांची परवानगी असल्याशिवाय तेथे खाजगी मोटारबोट फिरवण्याची कल्पना सोडून द्यावी, आणि ती परवानगी बोली लावण्यापूर्वी मागावी, नंतर नव्हे.

सर्वच संस्था लपवाछपवी करतात असे मला म्हणायचे नाही. काही संस्था आधी बोट पाण्यात घालून दाखवतात, दोष लिहून देतात आणि मगच ‘आहे त्या स्थितीत’ विकतात. तेथे खुशाल जावे. जी संस्था बोल्ट सैल करू देत नाही तिच्या लिलावात अनामत भरू नये, मग आपले दाजी शेजारी उभे राहून काहीही म्हणोत.