बेळगाव भागात हिवाळ्यात कॉस्टिक लायचा टँकर मागवताना आणि साठवताना काय काळजी घ्यावी?

आपण विचारले आहे की, निपाणीजवळच्या आपल्या छोट्या कारखान्यात आजवर पोत्यांतून येणारे कॉस्टिक फ्लेक्स बंद करून ५० टक्क्यांची लाय (म्हणजे पाण्यात विरघळवलेला कॉस्टिक सोडा) टँकरने मागवायची आहे, तर ती हिवाळ्यात खरोखर गोठते का, टाकी किती मोठी घ्यावी, आणि टाकीला ग्लासवूल गुंडाळले की पुरते का. पुरवठादाराचा माणूस 'बेळगाव जिल्ह्यात कसली थंडी, हे काय काश्मीर आहे?' असे म्हणून हसला, असेही आपण लिहिले आहे. मी हे उत्तर मुख्यतः त्या हसण्यामुळे लिहीत आहे. हुक्केरी-चिकोडी पट्ट्यातील एका साखर कारखान्याच्या स्टोअर्समध्ये माझी नोकरी झाली, आणि असेच हसणे मी तिथे एका खरेदी अधिकाऱ्याच्या तोंडी ऐकले होते.

लाय गोठते, आणि त्यासाठी शून्य अंशाची गरज नसते. खोबरेल तेल आपल्या घरात थिजते तेव्हा बाहेर बर्फ पडलेला नसतो, तसेच हे आहे. ५० टक्के कॉस्टिकमध्ये साधारण १२ अंश सेल्सिअसच्या आसपास स्फटिक धरू लागतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा पारा काही दिवस याच्याही खाली उतरतो, आणि उघड्या आकाशाखाली उभे असलेले लोखंड हवेपेक्षाही थोडे अधिक थंड होते. मात्र त्याच दिवशी दुपारी तापमान २८-३० अंशांवर जाते, त्यामुळे पंधरा-वीस टन लायने भरलेला टँकर किंवा टाकी आतपर्यंत गोठण्याची वेळ आपल्या हवेत सहसा येत नाही. गोठते ती टँकरच्या मागच्या आउटलेटची तोटी, त्याचा व्हॉल्व्ह, पंपाची केसिंग, लेव्हल गेजची नळी आणि मागची लाय तशीच राहिलेली दोन इंची लाइन. टाकीकडे पाहून काही कळत नाही, कारण दुखणे पाइपात असते. शिवाय गोठण्याच्या आधीच लाय इतकी घट्ट होते की साधा सेंट्रिफ्यूगल पंप ती ओढेनासा होतो, आणि लोक 'गोठली' म्हणून ओरडतात तेव्हा निम्म्या वेळा ती फक्त घट्ट झालेली असते.

आता जे घडले ते सांगतो. साखर कारखान्यात कॉस्टिक लागते ते इव्हॅपरेटरच्या बॉडीतील नळ्यांवर धरलेला थर उकळून काढण्यासाठी, आणि गाळप हंगाम नेमका थंडीतच असतो, त्यामुळे ही अडचण टाळता येण्यासारखी नसते. त्या वर्षी ऊसदराच्या आंदोलनामुळे रस्ते बंद होते. किनाऱ्यावरून कोमट भरून निघालेला आमचा टँकर घाट चढून आला आणि वाटेत अडकून काही रात्री उघड्यावर उभा राहिला. रस्ता सुटल्यावर तो मध्यरात्री गेटवर पोहोचला, पण आत उसाच्या ट्रॅक्टरांची आणि बैलगाड्यांची रांग असल्यामुळे तिथेही बाहेरच थांबला. पहाटे अनलोडिंगला लावला, तर आउटलेटमधून नीट धार येईना, नुसती करंगळीएवढी गळती लागली. लॅबच्या पोराने त्याच गळतीची बाटली भरून नेली, आणि निकाल आला ४५ टक्क्यांच्या घरात.

खरेदी अधिकारी साहेबांनी तिथल्या तिथे निर्णय दिला: 'पाणी घातलंय. भेसळीमुळेच गोठलंय. शुद्ध माल असता तर असं झालंच नसतं.' या वाक्यातली एकही गोष्ट बरोबर नव्हती, आणि तेव्हाही मी ते त्यांच्या तोंडावर सांगितले होते. ५० टक्के लाय थंड होते तेव्हा जे स्फटिक बनतात त्यांत कॉस्टिकचे प्रमाण सुमारे ६९ टक्के असते, म्हणजे ते मूळ लायपेक्षा बरेच तीव्र असतात. ते तोटीत आणि व्हॉल्व्हवर धरून बसतात, आणि त्यांच्या फटींतून जी लाय झिरपून बाहेर येते ती साहजिकच पातळ असते. हे स्फटिक वेगळे होत होत उरलेली लाय ४५-४६ टक्क्यांपर्यंत खाली येते. लॅबने मोजले ते बरोबरच होते, फक्त त्यांनी टँकर मोजला नव्हता, तोटीतली गळती मोजली होती. उन्हाने तोटी सैल होऊ द्या, मग वरच्या मॅनहोलमधून आणि खालून असे दोन नमुने घ्या, एवढेच माझे म्हणणे होते. साहेब हसले आणि म्हणाले, 'अण्णा, तुम्ही स्टोअर्स सांभाळा, केमिस्ट्री लॅबला करू द्या.'

हा वाद चालू असतानाच इंजिनिअरिंगच्या माणसांनी दुसरी बाजू धरली होती. आमच्या अनलोडिंग लाइनमध्ये मागच्या टँकरची लाय तशीच राहिलेली होती आणि दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह बंद होते. ती लाइनही चोक झाली होती, म्हणून वाफेचा होज आणून नेमका मधल्या भागावर सोडण्यात आला. गोठलेली लाइन मधूनच तापवली की मधला भाग वितळून प्रसरण पावतो, दोन्ही बाजूंना घट्ट बूच असल्यामुळे त्याला जायला जागा राहत नाही, आणि जिथे जोड कच्चा असेल तिथून तो बाहेर पडतो. तसेच झाले. एका फ्लँजचे गॅस्केट फुटले आणि शेजारी उभ्या असलेल्या फिटरच्या मानेवर व दंडावर लाय उडाली. त्याच्या डोळ्यांवर गॉगल होता, म्हणून डोळे वाचले. ऑफिसमधून कोणीतरी लिंबू आणायला धावले, कारण अल्कलीवर आंबट लावावे असे त्याने कुठेतरी वाचले होते. आम्ही ते लावू दिले नाही. अंगावरचे कपडे काढून त्याला नळाखाली उभे केले आणि पाणी वाहते ठेवले. कॉस्टिक लागलेली जागा बुळबुळीत लागते, कारण ते कातडीतील चरबीलाच खात असते, आणि सुरुवातीला फारसे दुखत नसल्यामुळे माणूस लवकर पाण्याखालून बाहेर येतो. किमान पंधरा मिनिटे, डोळ्यांत गेले असेल तर त्याहून अधिक वेळ, सतत पाणी सोडावे आणि लगेच दवाखाना गाठावा. टँकरजवळ स्वच्छ पाण्याचा चालू नळ नसेल तर अनलोडिंग सुरूच करू नये, हे माझे मत मी कोणासाठीही सैल करणार नाही.

लाइन मोकळी करायची असेल तर उघड्या टोकापासून सुरुवात करावी आणि हळूहळू आत सरकावे, म्हणजे वितळलेली लाय आपोआप बाहेर पडते. पाइपावर गोणपाट गुंडाळून त्यावर गरम पाणी ओतत राहणे हा जुना, कंटाळवाणा आणि उत्तम उपाय आहे. लायमध्ये थेट वाफ सोडू नये, त्याने ती जागच्या जागी उकळून उसळते. गॅसची ज्योतही लावू नये. कार्बन स्टील ५० अंशांच्या पलीकडे तापलेल्या कॉस्टिकमध्ये वेल्डिंगच्या जागी तडकू लागते, आणि तो तडा त्या दिवशी नाही, काही महिन्यांनी दिसतो. पण या सगळ्याची गरज पडू नये असेच करणे चांगले. माल उतरल्यावर लाइन उताराने रिकामी होईल अशी बांधावी आणि दरवेळी रिकामी करावी. आणि थंडीच्या दिवसांत टँकर सकाळी सहाला नव्हे, दुपारी बारानंतर उतरवावा. ही गोष्ट इतकी साधी आहे की कोणी ऐकत नाही. आपल्या भागात दिवसा एवढे ऊन असताना पहाटे वाफ लावून घाई करण्यात टँकरच्या वेटिंगचे भाडे वाचते, दुसरे काहीही वाचत नाही.

ग्लासवूलबद्दल विचारले होते. ते उष्णता देत नाही, असलेली धरून ठेवते, एवढे लक्षात ठेवले की उत्तर मिळते. टाकीपेक्षा आउटलेट, व्हॉल्व्ह आणि लाइन यांना ते अधिक गरजेचे आहे, आणि शक्य असेल तर त्याखाली कमी तापमानाची इलेक्ट्रिक हीटिंग टेप टाकावी. वरचे आवरण मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे नको. बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्यात बॉक्साइटमधून अ‍ॅल्युमिना विरघळवून काढायला हेच कॉस्टिक वापरतात, आणि धातूच्या अ‍ॅल्युमिनियमशी गाठ पडली तर ते त्याला खाऊन हायड्रोजन वायू सोडते. जस्त आणि पितळही नको, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पाइप आणि पितळी नळ दोन्ही बाद.

'थोडे पाणी घालून ठेवले की गोठणार नाही' असा सल्ला आपल्याला हमखास मिळेल. तो अर्धाच खरा आहे, आणि अर्धा खरा असल्यामुळे जास्त धोक्याचा आहे. ५० चे ४० टक्के केले तर गोठण्याचा अंश खाली न जाता उलट १५ च्या आसपास पोहोचतो. खाली जायचे असेल तर बरेच खाली यावे लागते: ३२ टक्क्यांची लाय आपल्या हवेत गोठत नाही, आणि २० टक्क्यांची तर उणे २५ अंशांपर्यंत टिकते. मेम्ब्रेन पद्धतीच्या (मिठाच्या पाण्यातून विजेने कॉस्टिक बनवणाऱ्या) कारखान्यात मुळात सुमारे ३२ टक्क्यांचीच लाय तयार होते आणि पुढे आटवून ती ५० ची करतात. आपला वापर कमी असेल आणि पुरवठादार जवळचा असेल, तर मी ३२ टक्क्यांचीच घ्या म्हणेन. पाण्याचे भाडे द्यावे लागते हे खरे, पण अनलोडिंगच्या वेळी रात्रपाळी शांत झोपते. ५० ची आणून स्वतः पातळ करायची असेल, तर लाय पाण्यात सोडावी, पाणी लायमध्ये नाही, आणि ती चांगलीच तापते हे धरून चालावे.

टाकी टँकरच्या पूर्ण मालापेक्षा किमान पाव भाग मोठी असावी. दहा हजार लिटर ५० टक्के लाय म्हणजे दहा नव्हे, पंधरा टन वजन होते, म्हणून पाण्याच्या टाकीचे जुने स्टँड वापरू नये. भोवती सगळा माल मावेल एवढा बांध घालावा. चालकाकडे ट्रेम कार्ड (अपघात झाल्यास काय करावे याचे कार्ड) आणि टँकरवर यूएन १८२४ (कॉस्टिक लायचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) चा फलक आहे की नाही, ते गेटवरच पाहावे.

हे सगळे कॉस्टिकपुरते आहे. वडगाव-शहापूरच्या रंगाईवाल्यांकडील ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड १६.६ अंशांनाच घट्ट होते, आणि ते जितके शुद्ध तितके लवकर. ते कोमट पाण्यात ठेवून सैल करावे, शेगडीजवळ नेऊ नये, कारण ४० अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेऊ शकते. ८५ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड २१ अंशांखालीही बराच काळ पातळ राहते आणि मग एकदम आळते. ९८ टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिडची मात्र आपल्या थंडीत काळजी नाही, ते सुमारे ३ अंशांना गोठते. वर दिलेले आकडे माल आणि ग्रेडप्रमाणे थोडे बदलतात, तेव्हा पुरवठादाराचा डेटाशीट आधी मागवा.

आमचा तो टँकर साहेबांनी भेसळीचा शेरा मारून परत पाठवला. शेजारच्या एका कारखान्याने तोच माल दुपारी उतरवून घेतला आणि त्यांच्या लॅबमध्ये तो पूर्ण टक्केवारीने भरला. हे साहेबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले की त्या लॅबचे काही सांगू नका. म्हणून आपल्या खरेदी आदेशात एक कलम जरूर घाला: लायचा नमुना आउटलेट पूर्ण मोकळे झाल्यावर, वरून आणि खालून दोन्हीकडून घेतला जाईल, आणि पहाटेच्या गळतीचा नमुना ग्राह्य धरला जाणार नाही. पुरवठादाराला ही अट आवडेल. आपल्याच खरेदी खात्याला ती पटली नाही, तर जानेवारीतल्या एखाद्या कडक थंडीच्या दिवशी, चोक झालेल्या तोटीतून एक बाटली पहाटे आणि त्याच टँकरमधून दुसरी दुपारी दोनला भरून घ्यावी, दोन्हींवर वेळ लिहावी आणि दोन्ही एकाच केमिस्टकडे द्याव्यात.