वाचकांचे प्रश्न : औषधांच्या दुकानातले पाचशे तास

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे फार्मसीच्या विद्यार्थ्यांना दुकानात किंवा रुग्णालयात घ्याव्या लागणाऱ्या प्रशिक्षणाविषयीची आहेत. त्यांतली चार पत्रे निवडून त्यांना येथे एकत्र उत्तर देत आहे.

प्रश्न : मी डी. फार्म. या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली असून आमच्या गावातल्या एका मेडिकलमध्ये प्रशिक्षणासाठी जाते. पंचवीस दिवस झाले. माल आला की खोकी उघडायची, बिलाशी ताडून पाहायची, कपाटात लावायची आणि दुपारी कपाटे पुसायची, एवढेच काम मला मिळते. चिठ्ठी हातात घेतली की मालक ‘आत्ता गर्दी आहे’ म्हणून ती काढून घेतात. यातून मी काय शिकणार? — एक विद्यार्थिनी, जि. लातूर

उत्तर : तुमची तक्रार अर्धी खरी आहे, आणि जी अर्धी खरी नाही तिच्याबद्दल आधी बोलतो. माल लावणे हे हमालीचे काम आहे असे कृपया समजू नका. ज्या औषधाची मुदत आधी संपते ते पुढे आणि नंतर संपते ते मागे, हा नियम पुस्तकात एका ओळीचा असतो. पण तीच गोळी तीन वेगवेगळ्या बॅचमध्ये आलेली हाताळली, प्रत्येक पट्टीवरची तारीख उजेडात धरून वाचली, आणि कोपऱ्यात सरकून गेलेली मुदतबाह्य बाटली स्वतःच्या हाताने बाहेर काढली, म्हणजे तो अंगवळणी पडतो. हायड्रॉक्सिझिन खाजेवर आणि अ‍ॅलर्जीवर देतात, हायड्रॅलाझिन रक्तदाबावर; ही दोन नावे शेजारीशेजारी ठेवली तर संध्याकाळच्या गर्दीत काय होऊ शकते, हे कपाट लावणाऱ्याला सर्वांत आधी कळते. फ्रिजचेही तसेच आहे. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचे हे तुम्ही परीक्षेत लिहिलेच असेल. पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून राहिलेली इन्सुलिनची बाटली गोठते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन नंतर वितळून दिसायला पूर्ववत झाले तरी वापरायचे नसते. तेव्हा उद्या गेल्यावर फ्रिजमध्ये तापमापक आहे का आणि तो किती आकडा दाखवतो हे पाहा, आणि तालुक्याच्या गावी दुपारी वीज चार तास गेली तर दुकानात काय करतात हे मालकांना विचारा. हा प्रश्न ऐकून त्यांचा तुमच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलेल असे मला मनापासून वाटते.

आता खऱ्या अर्ध्या तक्रारीकडे येतो. १९४८च्या फार्मसी कायद्याखालील शिक्षण नियमावलीनुसार डी. फार्म.च्या विद्यार्थ्याला किमान तीन महिन्यांत मिळून ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि त्यांतले किमान २५० तास चिठ्ठीवरून प्रत्यक्ष औषध देण्यात जावे लागतात. याचा अर्थ असा की निम्मा वेळ चिठ्ठीवर काम करणे ही मालकांची मेहेरबानी नसून तो तुमच्या शिक्षणाचा भाग आहे. हे त्यांना भांडून सांगू नका. दुपारी दोन ते चार या वेळेत बहुतेक दुकानांत गर्दी नसते. त्या वेळी येणाऱ्या चिठ्ठ्या मला आधी वाचू द्या, मी औषध काढून ठेवीन आणि तुम्ही तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देणार नाही, असे त्यांच्यापुढे मांडा. गर्दीच्या वेळी चिठ्ठी काढून घेण्यामागे त्यांना तुमच्या हातून चूक होण्याची भीती आहे आणि ती भीती रास्त आहे.

चिठ्ठी वाचणे म्हणजे अक्षर लावणे एवढेच नव्हे. एक छोटी वही ठेवा आणि औषधाचे नाव, त्याची शक्ती, ते गोळीच्या रूपात आहे की पातळ, किती वेळा, अनशापोटी की जेवणानंतर, आणि हे औषध या माणसाला कशासाठी दिले असावे, एवढे प्रत्येक चिठ्ठीमागे लिहा. यातला शेवटचा रकाना सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा आहे. तापावरच्या साध्या पॅरासिटामॉलचेच उदाहरण घ्या. तान्ह्या बाळांसाठी मिळणाऱ्या ड्रॉप्सच्या बाटलीत साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपच्या बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम असते. डॉक्टरांनी १२५चे सिरप ५ मिली द्यायला लिहिले आणि दुकानातून ड्रॉप्सची बाटली गेली, तर आई चमचा भरून देईल आणि मुलाच्या पोटात १२५ऐवजी ५०० मिलिग्रॅम जाईल. दोन्ही खोक्यांवर नाव तेच असते. म्हणून खोके उघडून बाटली, टोपी आणि सोबतचा ड्रॉपर किंवा मापाचे झाकण आईला दाखवा, मापाच्या रेघेवर बोट ठेवा, आणि ‘ताई, एका वेळी इथपर्यंत, आणि दोन वेळांमध्ये इतके तास’ असे सांगा. हे सांगायला अर्धा मिनिट लागतो आणि तो अर्धा मिनिट शिकण्यासाठीच तुम्ही तिथे उभ्या आहात.

प्रश्न : माझ्या मुलाला एका ओळखीच्या दुकानदाराने न येता प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र देण्याची तयारी दाखवली आहे. मुलाला त्या तीन महिन्यांत एका कंपनीत पगाराचे काम मिळत आहे आणि घरची परिस्थिती बेताची आहे. बरेच जण असे करतात असे ऐकतो. यात काय बिघडते? — एक पालक, नाशिक

उत्तर : घरची ओढाताण मी समजू शकतो, तरीही माझे उत्तर नाही असेच आहे. त्या कागदाच्या आधारावर तुमच्या मुलाचे नाव राज्य फार्मसी परिषदेच्या नोंदवहीत जाईल, आणि त्यानंतर एखाद्या खेड्यात तो एकटा काउंटरमागे उभा असेल तेव्हा समोरच्या म्हातारीला विचारायला दुसरे कोणीही नसेल. खोट्या प्रमाणपत्राचा धोका त्याच्या नोंदणीलाही आहे, पण मला त्या म्हातारीची काळजी अधिक वाटते. पैशाची निकड असेल तर दुकानाच्या मालकांशी मोकळेपणाने बोला. दुकाने सकाळी लवकर उघडतात आणि रात्री उशिरापर्यंत चालतात, त्यामुळे तीन महिन्यांऐवजी थोडा जास्त काळ लागला तरी चालेल अशा वेळा ठरवून घेता येतात, आणि काही मालक प्रवासखर्चापुरते विद्यावेतनही देतात. मुलाने ते तास खरोखर भरावेत, एवढे मात्र सोडू नका.

प्रश्न : माझे स्वतःचे मेडिकल आहे आणि मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. दरवर्षी एखादा विद्यार्थी ठेवतो, पण त्याच्यावर किती काम सोपवावे हे कळत नाही. त्याच्या हातून चूक झाली तर जबाबदारी माझीच ना? — एक औषध विक्रेते, सांगली

उत्तर : होय, तुमचीच. औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टचा असल्यामुळे विद्यार्थी जे काही करील ते तुमच्या डोळ्यांदेखत झाले पाहिजे. तुम्ही बाहेर जेवायला गेलात आणि त्याने एकट्याने चिठ्ठी दिली, असे एकदाही होता कामा नये. मात्र याच कारणासाठी त्याला तीन महिने बिलाच्या संगणकावर बसवून ठेवणे हाही उपाय नव्हे.

माझा अनुभव असा की पहिल्या पंधरवड्यात त्याला फक्त काढून ठेवू द्यावे आणि आपण तपासून द्यावे. नंतर आपण शेजारी उभे राहावे आणि बोलणे त्याचे असू द्यावे. तो अडखळला तर लगेच मध्ये पडू नका, पण चुकीचे बोलला तर त्याच क्षणी, गिऱ्हाईक समोर असतानाच, शांतपणे दुरुस्त करा. गिऱ्हाईक गेल्यावर सांगितलेली दुरुस्ती गिऱ्हाइकाच्या घरी पोचत नाही. शेड्यूल एच-१ची, म्हणजे ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांच्या यादीची, नोंदवही त्याला जरूर लिहायला द्या. डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेले प्रमाण या नोंदी तीन वर्षे जपून ठेवायच्या असतात हे त्याला पाठ असेल, परंतु त्या यादीत अनेक प्रतिजैविके आणि क्षयरोगाची औषधे का आली, ती हवी तशी विकली गेली की जंतू औषधाला कसे दाद देईनासे होतात, हे तुम्ही दोन ओळी लिहिता लिहिता सांगाल तर ती वही त्याला कायद्याचा कंटाळवाणा उपचार वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी त्याच्या हातात ठेवा, ती म्हणजे इन्सुलिनच्या दोन सिरिंज, एक लाल टोपीची आणि एक केशरी टोपीची. लाल टोपीची एका मिलिलिटरला ४० युनिटच्या बाटलीसाठी असते आणि केशरी टोपीची १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. ४०च्या सिरिंजमध्ये १००चे इन्सुलिन २० युनिटच्या खुणेपर्यंत भरले तर ते अर्धा मिली, म्हणजे प्रत्यक्षात ५० युनिट होते, आणि तेवढ्याने रुग्णाची साखर एकदम उतरून तो बेशुद्ध पडू शकतो. हा हिशेब त्याला कागदावर स्वतः मांडायला लावा. त्यानंतर तो बाटली न पाहता सिरिंज विकणार नाही.

प्रश्न : मी फार्म. डी. या सहा वर्षांच्या पदवीच्या सहाव्या वर्षाला असून एका मोठ्या रुग्णालयात मेडिसिन विभागात आहे. राउंडला मी सगळ्यांच्या मागे उभा असतो. एकदा एका औषधाबद्दल बोललो तेव्हा सर्वांसमोर मला गप्प करण्यात आले. तेव्हापासून मी फक्त फाइल वाचून नोंदी करतो. वर्षभर असेच काढायचे का? — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : असे काढू नका. तुमच्या अभ्यासक्रमात अखेरच्या वर्षी सहा महिने मेडिसिन विभागात आणि नंतर दोन-दोन महिने आणखी तीन विभागांत काम करायचे असते, ते रुग्णाच्या खाटेजवळ औषधांचा विचार करणारा माणूस तयार व्हावा म्हणून. पण राउंडचा वेळ प्रत्येक खाटेमागे फार थोडा असतो आणि तिथे पुस्तकातले सर्वसाधारण वाक्य कोणालाच नको असते. त्या दिवशी तुम्ही काय बोललात हे पत्रात लिहिलेले नाही. ‘या औषधाने मूत्रपिंडावर परिणाम होतो’ अशा धाटणीचे ते असेल तर सरांचा संयम का सुटला हे मला समजते, त्यांचे वागणे बरोबर होते असे नव्हे. तेच असे सांगून पाहा : ‘सर, सहा नंबरच्या काकांचे मेटफॉर्मिन चालू आहे आणि कालच्या तपासणीत ईजीएफआर ३०च्या खाली आले आहे, थांबवायचे का?’ यात रुग्ण आहे, त्याचे मधुमेहाचे औषध आहे, मूत्रपिंडे किती काम करतात ते सांगणारा कालचा आकडा आहे आणि एका शब्दात उत्तर देता येईल असा प्रश्न आहे. शिवाय हे राउंडच्या आधी निवासी डॉक्टरांना सांगता आले तर आणखी चांगले. वॉर्डातल्या सिस्टरांशीही ओळख वाढवा, कारण कोणता रुग्ण गोळी उशीखाली ठेवतो हे फाइलमध्ये नसते, ते त्यांना माहीत असते.

ज्या कामात तुम्हाला कोणी अडवणार नाही आणि जे बहुतेक ठिकाणी नीट होत नाही, ते म्हणजे घरी जाणाऱ्या रुग्णाला औषधे समजावून देणे. याविषयी माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. विद्यार्थी असताना मी एका रुग्णालयाच्या औषध खिडकीवर बसत असे. संधिवाताच्या एका बाईंना मेथोट्रेक्झेटची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची होती. मी पाकिटावर ‘आठवड्यातून १’ असे लिहिले, तोंडीही सांगितले, ‘समजलं ना मावशी?’ असे विचारले आणि त्यांनी मान डोलावली. त्यांना वाचता येत नव्हते. घरी नातवाने पाकीट पाहून ‘एक गोळी’ एवढेच सांगितले आणि त्या रोज घेत राहिल्या. दहा-बारा दिवसांनी त्यांना परत आणले तेव्हा त्यांचे तोंड इतके आले होते की पाण्याचा घोटही गिळवत नव्हता, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीखाली गेल्या होत्या. फोलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शने देऊन त्यांना वाचवता आले, पण दोन आठवडे त्या वॉर्डात होत्या आणि मी रोज त्यांच्यासमोरून जात असे. त्यांनी मला कधी दोष दिला नाही.

तेव्हापासून ‘समजलं ना’ हा प्रश्न मी सोडून दिला, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. आता मी विचारतो, ‘मावशी, ही गोळी कोणत्या वारी घेणार?’ एक जण म्हणाल्या, ‘सोमवारी. माझा उपास असतो, म्हणजे ध्यानात राहील.’ मग मी विचारले, ‘आणि मंगळवारी?’ त्यांनी बोट हलवून ‘मंगळवारी न्हाई’ असे सांगितले, तेव्हा मी पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘फक्त सोमवारी’ लिहिले आणि सोबत आलेल्या सुनेकडूनही तेच पुन्हा वदवून घेतले. तुमच्या वॉर्डातून या आठवड्यात घरी जाणाऱ्या रुग्णांपैकी दोघांपासून सुरुवात करा. त्यांना घरून आणलेली औषधांची पिशवी खाटेवर रिकामी करायला सांगा आणि नव्या चिठ्ठीशी एकेक पट्टी ताडून पाहा. दोन वेगवेगळ्या ब्रँडच्या नावाने एकच औषध दोनदा चालू असल्याचे तुम्हाला बहुधा पहिल्या काही पिशव्यांतच सापडेल, आणि ते घेऊन निवासी डॉक्टरांकडे गेलात तर तुम्हाला मागे उभे राहावे लागणार नाही. त्यातच एखाद्या औषधाचा दुष्परिणाम आढळला तर २०१०पासून देशभर चालू असलेल्या औषध-सतर्कता कार्यक्रमाचा अर्ज भरून पाठवा. तो फार्मासिस्टलाही भरता येतो, आणि तुमच्या रुग्णालयात त्यासाठीचे केंद्र नसेल तर १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते.