पतपेढीचे जुने संगणक मुलांना द्यायचे आहेत

प्रश्न : आमच्या परळ येथील पतपेढीने नवे संगणक घेतले असून 2017 मध्ये खरेदी केलेले बारा डेस्कटॉप आणि तीन लॅपटॉप आता पडून आहेत. भंगारात देण्याऐवजी ते गोवंडीतील एका अभ्यासिकेला द्यावेत, असे संचालक मंडळाचे मत आहे. ते तसेच पाठवले तर चालतील का? सभासदांच्या माहितीचे काय करावे?
— एक वाचक, परळ

उत्तर : आपला विचार मनापासून आवडला, परंतु संगणक तसेच पाठवू नयेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रथम सभासदांच्या माहितीविषयी. फाइल पुसली किंवा डिस्क साधी फॉरमॅट केली, तरी आतील मजकूर सहज उपलब्ध असलेल्या सॉफ्टवेअरने परत मिळवता येतो. आपल्या डिस्कमध्ये आधार आणि पॅन क्रमांक, कर्जखाती, सह्यांचे नमुने असणार. त्यामुळे जुन्या हार्ड डिस्क काढून घ्याव्यात, त्यांना आरपार भोके पाडावीत आणि नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राकडे सोपवून पावती घ्यावी. त्यांच्या जागी 256 जीबीची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कहून वेगवान साठवण, बसवावी आणि रॅम, म्हणजे काम चालू असताना वापरली जाणारी स्मृती, 4 जीबी असेल तर 8 करावी. एवढ्याने नऊ वर्षांचे यंत्रही इतके चपळ होते की मुलांना ते जुने वाटत नाही. लॅमिंग्टन रोडवरचा कोणताही चांगला कारागीर हे काम करून देईल.

विंडोज 10 चे मोफत अद्ययावतीकरण 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले आणि 2017 च्या बहुतेक यंत्रांवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. म्हणून त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही संगणक चालवणारी प्रणाली घालावी. दोन्ही विनामूल्य आहेत, त्यांत मराठी इनस्क्रिप्ट कळफलक निवडता येतो, आणि दीक्षा, स्वयम् ही शिक्षणाची संकेतस्थळे किंवा बालभारतीची ई-पुस्तके ब्राउझरमधून उघडतात.

एक अनुभव सांगतो. एका अभ्यासिकेला मिळालेल्या संगणकांवर संकेतस्थळे उघडेनात, म्हणून मुलांनी इंटरनेट बंद आहे असे समजून दोन महिने त्यांना हात लावला नाही. जाऊन पाहिले तर घड्याळात 2012 साल दिसत होते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपल्यामुळे वीज गेली की तारीख मागे जाई आणि ब्राउझर प्रत्येक पान असुरक्षित ठरवून अडवी. तो सीआर2032 सेल बदलायला पाच मिनिटे लागली. संगणक दिले, पण ते चालतात की नाही हे विचारायला कोणी परत गेले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते. आपण सर्व सेल आताच बदलावेत, बायोसचा, म्हणजे संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीचा, पासवर्ड काढून टाकावा आणि पतपेढीतील एका कर्मचाऱ्याला पहिले सहा महिने दर पंधरवड्याला तिथे जाण्याची जबाबदारी द्यावी.

डेस्कटॉप अभ्यासिकेतच ठेवावेत. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहतात, तिथे मॉनिटर ठेवायला जागा कुठून आणणार? लॅपटॉप मात्र बारावीनंतर शिकणाऱ्या, घरीच प्रकल्प करावे लागणाऱ्या मुलामुलींना द्यावेत, आणि त्यांत मुलींचा विचार आधी करावा, कारण रात्री आठनंतर अभ्यासिकेत थांबण्याची परवानगी त्यांना क्वचितच मिळते. लॅपटॉपची बॅटरी तासभर तरी टिकते का, हे पाहून घ्यावे. चार्जर सोबत असावाच.

पाठवण्यापूर्वी अभ्यासिकेत स्वतः जाऊन वीजजोडणी पाहावी. एका सॉकेटवर एक्स्टेंशन बोर्डांची माळ लावून बारा यंत्रे चालवणे धोक्याचे आहे, आणि वायरिंगचा खर्च पतपेढीने उचलला तर तोही या देणगीचाच भाग ठरेल. मंडळाचा ठराव आणि प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक असलेले देणगीपत्र द्यावे.

बारापैकी तीन-चार यंत्रे दुरुस्तीपलीकडची निघू शकतील. संख्या भरून दिसावी म्हणून ती पाठवू नयेत. त्यांचे चालू भाग काढून इतर यंत्रांसाठी वापरावेत आणि उरलेला सांगाडा हार्ड डिस्कसोबतच त्याच केंद्राकडे द्यावा.