माझं पायथन पॅकेज पायपीआयवर कसं टाकू?

प्रश्न : नमस्कार सर, मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आकडे मराठी अक्षरी करून देणारी छोटी पायथन लायब्ररी लिहिलीये, १४९ दिलं की एकशे एकोणपन्नास. ती पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक ऑनलाइन भांडारात, टाकायचीये. अप्रूव्हलला किती दिवस लागतात, फी किती?

उत्तर : अरे, अप्रूव्हल नसतंच आणि फीसुद्धा नाही. अकाउंट काढ, टू-फॅक्टर लाव (२०२४पासून त्याशिवाय अपलोडच होत नाही), पॅकेज बिल्ड करून ट्वाइन या अपलोडच्या टूलने चढव, लगेच जगात कुणीही पिप इन्स्टॉल या कमांडने ते घेऊ शकतं. पण आधी कोणी तपासत नाही ना, मग तपासणी तुझ्याच गळ्यात.

मला पहिली शंका तुझ्या शब्दांच्या फाइलची. शंभरपर्यंतचे शब्द बहुतेक वेगळ्या जेसॉन फाइलमध्ये (नुसता डेटा ठेवायची फाइल) असतील, कारण मराठीत नियम लावून भागतच नाही, एकोणऐंशी, एकोणनव्वद आणि मग एकदम नव्व्याण्णव, बसा पाठ करत! बिल्ड करताना पायथनच्या फाइली जातात आणि नीट सांगितलं नाही तर ही जेसॉन मागेच राहते, तुझ्या मशीनवर मात्र सगळं मस्त चालतं कारण तिथे ती फोल्डरमध्ये पडलेलीच असते. म्हणून व्हील फाइल, म्हणजे बिल्डमधून निघालेलं तयार पॅकेज, दुसऱ्याच फोल्डरमध्ये, कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनची वेगळी, रिकामी जागा) टाकून बघ. आणि फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं लिहीच, नाहीतर विंडोजवाल्यांकडे देवनागरीचा पार विचका होतो.

दुसरं, ०.१.० हे व्हर्जन एकदा चढलं की चढलं. डिलीट केलंस तरी त्याच नावाची फाइल परत घेत नाहीत, चूक निघाली तर सरळ ०.१.१ काढायचं. जुनं व्हर्जन डिलीट करण्यापेक्षा यँक कर, म्हणजे नव्यांना ते आपोआप जात नाही पण ज्यांनी नेमकं तेच मागितलंय त्यांचं काम अडत नाही. २०१६मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज भांडारावरून लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचं पॅकेज लेखकानं काढून घेतलं तर कुणाकुणाचे बिल्ड बोंबलले होते. त्यामुळे आधी टेस्ट पायपीआय या सरावाच्या साइटवर रंगीत तालीम कर, तिथलं अकाउंट वेगळं काढावं लागतं.

नाव देवनागरीत चालत नाही, आणि डॅश-अंडरस्कोर बदलून दुसऱ्याचं नाव ढापताही येत नाही, दोन्ही एकच धरतात. क्लासिफायरमध्ये (पॅकेजच्या माहितीतली ठरावीक लेबलं) मात्र मराठी भाषा आहे, ती लाव. लायसन्स विसरू नकोस, एमआयटी हे साधं मुक्त लायसन्स टाकलंस तरी पुरे, ते नसेल तर कोड दिसतो पण कायद्यानं कुणाला वापरता येत नाही.