कर्नल बदलला आणि ग्रबचा मेनूच गायब झाला

प्रश्न: नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना पीसी आहे, उबुंटू १८.०४, डिस्कवर बीटीआरएफएस फाइल सिस्टीम (फाइल ठेवायची पद्धत), पुस्तकांच्या सगळ्या नोंदी त्यातच. जागा संपत आली म्हणून मागच्या महिन्यात एफएसटॅबमध्ये (डिस्क कशी जोडायची ते सांगणारी फाइल) कम्प्रेस=झेडएसटीडी (फाइल दाबून लहान करायची एक पद्धत) टाकलं. पंधरा-वीस दिवस रोज चालू-बंद केला, काही झालं नाही. परवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) ४.१५ चा ५.४ केला, तर रीस्टार्टला "कम्प्रेशन टाइप ०एक्स३ नॉट सपोर्टेड" असं येऊन नुसता ग्रबचा (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) प्रॉम्प्ट, मेनूच नाही. नवा कर्नल खराब आहे का? एकाने बीटीआरएफएस चेक रिपेअर (फाइल सिस्टीम दुरुस्त करायची कमांड) मारायला सांगितलंय, मारू का? – एक वाचक, जि. सांगली

उत्तर: ताई, रिपेअर अजिबात मारू नका, हे आधी सांगतो मग बाकीचं. तुमची फाइल सिस्टीम बिघडलेली नाहीये आणि नोंदी जागच्या जागी आहेत, पण रिपेअरने धडधाकट डिस्कची सुद्धा वाट लागू शकते.

कर्नलचाही दोष नाही. झेडएसटीडी बीटीआरएफएसमध्ये ४.१४ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे, त्यामुळे तुमच्या ४.१५ ला पण ते येत होतं आणि ५.४ ला पण येतं. अडलाय तो ग्रब. पीसी चालू झाला की कर्नल मेमरीत यायच्या आधी ग्रब स्वतःच डिस्क वाचतो, स्वतःच्या कोडने, आणि १८.०४ मधला ग्रब आहे २.०२, त्याला झेडलिब आणि एलझेडओ या कम्प्रेशनच्या पद्धती कळतात पण झेडएसटीडी कळत नाही, ते आलं २.०४ मध्ये, २०१९ ला. तो ०एक्स३ म्हणजे झेडएसटीडीचाच नंबर.

मग इतके दिवस कसं चाललं? कारण एफएसटॅबमध्ये ऑप्शन टाकल्याने जुन्या फाइल कम्प्रेस होत नाहीत, त्यानंतर जे लिहिलं जातं तेवढंच होतं. तुमची ग्रब.सीएफजी (ग्रबच्या मेनूची फाइल) जुनीच होती म्हणून मेनू येत होता. कर्नल टाकला तेव्हा अपडेट-ग्रब आपोआप चालला आणि ती फाइल नव्याने लिहिली गेली, साधी टेक्स्ट फाइल ती, लगेच कम्प्रेस झाली. खात्री करायची तर ग्रबच्या प्रॉम्प्टवरच एलएस करून बूट/ग्रब फोल्डर बघा (वाट @ पासून सुरू होते, @ म्हणजे उबुंटूची सिस्टीम जिथे असते तो डिस्कमधला कप्पा, सबवॉल्यूम), फाइलचं नाव दिसेल, पण कॅट करून उघडायला गेलात की तोच एरर येईल, कारण नावं कम्प्रेस होत नाहीत, आतला मजकूर होतो.

आता दुरुस्ती. उबुंटू २०.०४ किंवा त्यापुढचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून थेट पीसी सुरू करता येतो) घ्या. एखादा फार जुना पेनड्राइव्ह लावलात, ४.१४ च्या आधीच्या कर्नलचा, तर तो "अनसपोर्टेड ऑप्शनल फीचर्स" म्हणून डिस्क माउंटच करणार नाही, म्हणजे जोडूनच घेणार नाही, आणि नेमकं तिथेच लोक घाबरून रिपेअर मारतात. डिस्क सबवॉल=@ आणि कम्प्रेस=एलझेडओ देऊन माउंट करा, देव्ह, प्रोक, सिस ही सिस्टीमची फोल्डर त्यात बाइंड करा आणि सीएचरूटने आत जा, म्हणजे पुढच्या कमांड डिस्कवरच्या सिस्टीममध्येच चालतील. सगळ्यात आधी एफएसटॅबमध्ये झेडएसटीडीच्या जागी एलझेडओ लिहा, ही पायरी राहिली तर पुढच्या अपडेटला परत हेच होणार. मग ५.४ चं लिनक्स-इमेज पॅकेज एपीटीने रीइन्स्टॉल, अपडेट-इनिटरामएफएस (कर्नलसोबत सुरुवातीला लागणारी फाइल पुन्हा बनवते) सगळ्या कर्नलसाठी, ग्रब-इन्स्टॉल आणि शेवटी अपडेट-ग्रब. म्हणजे ग्रब ज्या फाइल वाचतो त्या पुन्हा लिहिल्या जातात, त्याला कळेल अशा रीतीने. नोंदींच्या ज्या फाइल झेडएसटीडीत गेल्यात त्या तशाच राहू द्या, कर्नल त्या वाचतोच.

नेट नसेल आणि पॅकेज मिळत नसेल तर बूटमधल्या फाइलची कॉपी करून मूळ नावाने ठेवली तरी चालतं, पण कॉपी करताना रिफ्लिंक=नेव्हर द्या. नवीन सीपी कमांड बीटीआरएफएसवर खरी कॉपी करतच नाही, त्याच कम्प्रेस झालेल्या तुकड्यांना दुसरं नाव देते, मग तासभर घालवूनही एरर तोच. माझा एक रविवार असाच गेलाय.

पुढे झेडएसटीडीच हवं असेल तर बूटसाठी अर्धा-एक जीबीचं वेगळं ईएक्सटी४ (कम्प्रेस न करणारी फाइल सिस्टीम) पार्टिशन करा. किंवा पूर्ण सिस्टीम अपग्रेड करा, १८.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२३ मध्येच संपलाय, त्यामुळे करायला हवंच. मात्र पॅकेज नवीन आलं म्हणून डिस्कच्या सुरुवातीला बसलेला ग्रब नवीन झालाच असं नसतं, ग्रब-इन्स्टॉल योग्य डिस्कवर हाताने एकदा चालवा आणि मगच एफएसटॅबला हात लावा. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी, त्याच पेनड्राइव्हवरून, नोंदींची एक कॉपी बाहेर काढून घ्या.